सी. पी. बेरार ते व्हीपीएन : पडद्याच्या हद्दी

यवतमाळच्या टॉकीजात लागणारा हिंदी चित्रपट कोणत्या मुलखातला, असे जुन्या वितरकाला विचारले तर तो महाराष्ट्र म्हणणार नाही, 'सी. पी. बेरार' म्हणेल. मध्यप्रांत व वऱ्हाड हे नाव १९५० साली सरकारी कागदांतून गेले, १९५६च्या नोव्हेंबरात विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला. चित्रपटधंद्याच्या नकाशात मात्र तो प्रांत अजून नांदतो आहे. निर्माता एकेका 'सर्किट'चे हक्क वेगवेगळ्या वितरकाला विकतो, आणि एकाने दुसऱ्याच्या हद्दीत चित्रपट लावायचा नाही, हा त्या धंद्याचा पाया.

मोबाइलच्या पडद्यावर 'हा कार्यक्रम आपल्या देशात उपलब्ध नाही' अशी पाटी येते, ती याच रिवाजाची नात. मधल्या पिढीत डीव्हीडी होती. तिने जग विभागांत वाटले होते : अमेरिका पहिल्या, युरोप दुसऱ्या, भारत पाचव्या. आपल्याकडच्या अनेक तबकड्या सर्व विभागांत चालतील अशाच निघत. म्हणून त्या पापड-लोणच्यांबरोबर बॅगेतून परदेशी जाऊ शकल्या.

आता बॅग उपयोगाची नाही. माझा भाचा जर्मनीत नोकरीला आहे. "मामा, तुम्ही पाहिलेला सिनेमा इथं शोधूनही सापडत नाही. पैसे द्यायला तयार आहे, पण घ्यायलाच कोणी नाही," असे तो म्हणाला, तेव्हा मी या प्रश्नाच्या मागे लागलो.

यंत्रणा अशी. इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. हे पत्ते जगभरात पाच प्रादेशिक संस्था वाटतात. आशिया-प्रशांत भागासाठी 'एपनिक' आहे. कोणता पत्ता कोणत्या देशातला, याच्या याद्या तयार असतात. आपण चित्रपट मागितला की सेवा ती यादी पाहते आणि करारात तो देश नसेल तर दार लावते. व्हीपीएन म्हणजे मधला मुक्काम. आपली मागणी कुलूपबंद होऊन दुसऱ्या देशातल्या यंत्राकडे जाते आणि तिथला पत्ता लावून पुढे निघते. पोस्टाचे पाकीट मुंबईच्या नातेवाइकाकडे धाडून त्याने ते पुन्हा टाकावे, तसे. पण एकाच पत्त्यावरून शेकडो माणसे येऊ लागली की सेवेला संशय येतो. नेटफ्लिक्सने २०१६च्या जानेवारीत भारतासह १३० देशांत पाऊल टाकले, आणि त्याच महिन्यात असे आडमार्ग बंद करण्याचीही घोषणा केली.

कायदा काय म्हणतो? भारतात व्हीपीएन वापरणे हा स्वतःहून गुन्हा नाही. मात्र कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेले कलम ६५अ, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. शिवाय सेवेच्या अटी मोडल्याबद्दल खाते बंद होऊ शकते. परदेशात राहणाऱ्याला तिथला कायदा लागू. २०२२च्या एप्रिलमध्ये 'सर्ट-इन'ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला. तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी इथली यंत्रे हलवली आणि भारतीय पत्ता बाहेरच्या यंत्रांवरून देऊ लागल्या!

दुसरी वाटही आहे. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८पासून, वर्गणीदार तात्पुरता दुसऱ्या सदस्य देशात गेला तर त्याच्या घरच्याच सेवा त्याला तिथे मिळतात. आपल्या वर्गणीला तशी सोबत नाही.

मराठीसाठी खरी गोम आपल्याच कायद्यात, कलम १९मध्ये आहे. हक्क देताना करारात प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरताच धरला जातो. म्हणजे लहान निर्मात्याचे परदेशी हक्क बहुधा त्याच्याकडेच पडून राहतात. न विकलेले, न वापरलेले. मोठ्या हिंदी चित्रपटाला परदेशी गिऱ्हाईक मिळते. वऱ्हाडी बोलीतल्या चित्रपटासाठी कोण धावेल? चोरवाट वापरणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याचा पैसा निर्मात्यापर्यंत पोचत नाही, हे नुकसान दोघांचेही आहे. म्हणून निर्मात्याने सही करण्यापूर्वी करारातली 'प्रदेश' ही ओळ वाचावी, आणि परदेशाचे हक्क राहिले असतील तर भाड्याने पाहण्याची सोय स्वतः उघडावी. परक्या गावी मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून धडपडणाऱ्या घरांना तेवढे दार पुरे आहे.