जुनी मॉडेल इंजिने : खरेदीतील सावधगिरी व दुरुस्तीची रीत

जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या बांधवांच्या हाती कधी कधी अशी वस्तू येते की तिचे मोल त्यांना स्वतःलाच ठाऊक नसते. एखाद्या जुन्या बंगल्याचे सामान उचलताना ग्रामोफोन, घड्याळे व पितळी भांड्यांबरोबर एक पुठ्ठ्याची पेटी निघते. तिच्यात रूळ, दोन-तीन डबे आणि वाफेच्या इंजिनाची हुबेहूब लहान प्रतिकृती असते. पुष्कळदा ही पेटी खेळणे म्हणून किलोच्या भावात जाते. उलट काही जण परदेशातील मोठ्या किमती ऐकून वाटेल त्या भावाने असा माल घेतात आणि नंतर हात चोळत बसतात. अज्ञानामुळे होणारे हे दोन्ही प्रकारचे नुकसान टळावे म्हणून या मालाची ओळख, पारख आणि दुरुस्ती यांविषयी आम्ही येथे चार व्यवहाराच्या गोष्टी सांगत आहोत.

मालाची ओळख

या छंदाचे माहेर युरोप व अमेरिका. जर्मनीतील गोपिंगेन गावची मेर्कलिन कंपनी १८५९ साली सुरू झाली. अमेरिकेत लायोनेल कंपनी १९०० साली निघाली. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली चावीवर चालणाऱ्या गाड्या बाजारात आणल्या आणि १९३८ साली त्यांच्या कंपनीने विजेवर चालणारी, आकाराने लहान अशी ‘हॉर्नबी डब्लो’ मालिका काढली. १९६४ साली ही कंपनी ट्रायअँगच्या मालकांनी विकत घेतली. हॉर्नबी हे नाव आजही चालू आहे.

व्यापाऱ्याने प्रथम माप समजून घ्यावे. ब्रिटिश ‘ओओ’ मॉडेल खऱ्या इंजिनाच्या ७६ व्या हिश्श्याचे असते, तर युरोप-अमेरिकेतील ‘एचओ’ ८७ व्या हिश्श्याचे. दोन्हींचे रूळ मात्र १६.५ मिलिमीटर रुंदीचेच असतात, त्यामुळे नवखा माणूस फसतो. मापाइतकाच विजेचा प्रकारही महत्त्वाचा आहे. बहुतेक ब्रिटिश इंजिने १२ व्होल्ट डी.सी.वर चालतात. मेर्कलिनची जुनी इंजिने आणि लायोनेल ही ए.सी.वर चालतात. हॉर्नबी डब्लोचा १९५९ पूर्वीचा माल तीन रुळांचा आहे. त्याची चाके एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने अलग केलेली नसतात, म्हणून ते इंजिन दोन रुळांच्या रस्त्यावर ठेवताच शॉर्ट होते. असे इंजिन बिघडलेले समजून कवडीमोलाने विकणारे व्यापारी आम्ही पाहिले आहेत.

आपल्याकडे या मालाचे गिऱ्हाईक थोडे आहे, पण नाही असे नाही. पुण्यात कोथरूडला जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांसाठी खुले आहे. घरोघरी हौसेने रूळ मांडणारी माणसेही मुंबई-पुण्यात आहेत. बाकी मोठा बाजार परदेशात, आणि तो आता बराचसा इंटरनेटवरून चालतो. बाहेरून माल मागवायचा असेल तर टपालखर्च व सीमाशुल्क आधी हिशेबात धरावे. इंजिन स्वस्त आणि वाटखर्च महाग, असे नेहमी घडते.

घेताना काय पाहावे

पहिली परीक्षा धातूची. जुन्या इंजिनांचे सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ओतताना त्या धातूत शिशाचा थोडासा जरी भेसळ अंश राहिला, तरी कालांतराने धातू आतून फुगतो, त्याला केसासारख्या चिरा पडतात व शेवटी त्याचा भुगा होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मालात हा रोग विशेष आढळतो. त्यावर इलाज नाही. सांगाडा वाकलेला दिसला, चाके फुगून घट्ट बसली असली किंवा रंगाखाली जाळीदार चिरा दिसल्या, तर ते इंजिन फक्त सुट्या भागांच्या किमतीने घ्यावे.

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. एका जुन्या मालाच्या दुकानातून आम्ही एक टेंडरवाले इंजिन घेतले होते. रंग तकतकीत, चाकेही फिरत होती. घरी आणून पहिलाच स्क्रू सैल केला तर सांगाड्याचा कोपरा बिस्किटासारखा हातात आला. चिरांमध्ये लांबी भरून वरून ताजा रंग मारलेला होता. पुन्हा तशीच लांबी भरून पुढे ढकलावे, असे एका मित्राने सुचविले. आम्ही ते केले नाही. मोटर, चाके व टेंडर वेगवेगळे करून, सांगाडा गेला आहे हे सांगून विकले. निम्म्याहून अधिक रक्कम बुडाली. त्या दिवसापासून ताजा रंग दिसला की आम्ही प्रथम भिंग काढतो.

दुसरी परीक्षा चाकांची. इंजिनाच्या डाव्या व उजव्या बाजूचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांच्या कोनात असतात, आणि सर्व आसांवर हा कोन अगदी सारखा लागतो. एखादे चाक आसावर सरकले असेल तर जोडदांडा प्रत्येक फेरीत एकाच जागी अडतो. इंजिन बोटाने हळूहळू ढकलून पाहिल्यास हा दोष लगेच कळतो. तिसरी परीक्षा प्लॅस्टिकची. मेनलाइन या नावाने विकल्या गेलेल्या ब्रिटिश इंजिनांत दोन अर्धे आस जोडणारी प्लॅस्टिकची नळी वयोमानाने तडकते व चाकांचा कोन बिघडतो. असे इंजिन घेताना नळीचा व मजुरीचा खर्च किमतीतून वजा करावा.

मूळ खोका, मूळ रंग आणि न तुटलेले बारीक भाग यांना हौशी गिऱ्हाईक वेगळी किंमत देते. म्हणून जुना खरा रंग घासून नवा देण्याची घाई करू नये. तसे केल्याने पुष्कळदा किंमत वाढण्याऐवजी घटते. जुन्या रंगात शिसे असू शकते, तेव्हा तो कोरडा खरवडू नये व असे खेळणे लहान मुलांच्या हाती देऊ नये.

दुरुस्तीचा क्रम

मिक्सर, पंखे किंवा शिलाई मशीनच्या मोटरी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे काम अवघड नाही. कार्बन, कम्युटेटर व आर्मेचर यांचेच हे लहान रूप आहे. मात्र क्रम पाळावा.

प्रथम वीज न देता सफाई करावी. जुने तेल वाळून लाखेसारखे घट्ट होते. बंद पडलेल्या इंजिनांपैकी कित्येकांचा आजार एवढाच असतो. धातूचे भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत. प्लॅस्टिकच्या वरच्या भागाला पेट्रोल किंवा थिनर लावू नये, रंग उतरतो आणि प्लॅस्टिकही विरघळते. कम्युटेटरवर जाड पॉलिश पेपर चालवू नये. फटींमधील कार्बनची भुकटी लाकडी काडीने काढावी. कार्बन झिजले असतील तर बदलावेत.

ट्रायअँगच्या जुन्या मोटरीत कार्बन दाबणाऱ्या स्प्रिंगच्या एका पायावर बारीक नळी असते. तिच्यामुळे एक कार्बन सांगाड्यापासून अलग राहतो. ही नळी हरवली की मोटर शॉर्ट होते आणि कारागीर उगाच आर्मेचरला दोष देतो. आर्मेचरची खरी तपासणी मल्टिमीटरने करावी. कम्युटेटरच्या तीन पट्ट्यांपैकी कोणत्याही दोन पट्ट्यांमधील रीडिंग सारखेच यायला हवे. फरक आला तर वेटोळे जळालेले वा तुटलेले आहे, रिवाइंडिंग करावे लागेल.

या जुन्या मोटरीतील लोहचुंबक विनाकारण बाहेर काढू नये. चुंबकाच्या दोन टोकांना लोखंडी पट्टी न लावता तो बाहेर काढल्यास त्याची शक्ती उतरते. शक्ती उतरलेली मोटर रिकामी जोरात फिरते, प्रवाह जास्त ओढते, गरम होते, पण डबे ओढत नाही. त्यावर चुंबक पुन्हा भारणे किंवा त्याच मापाचा नवा निओडिमियम चुंबक बसविणे हा उपाय आहे.

शेवटी तेल. शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर राहील एवढा थेंब बेअरिंगला पुरतो. कम्युटेटरवर तेल गेले की केलेली सफाई वाया जाते.

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र दुरुस्त करून विकण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्या वायरीवरील रबर कुजलेले असते, आणि अमेरिकेतील नग तर १२० व्होल्टचे असतात. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर ते लावणे म्हणजे आगीला आमंत्रण. नवा, खात्रीचा पुरवठा वापरावा.

खऱ्या वाफेची मॉडेल

काही मॉडेल खरोखर पाणी उकळून वाफेवर चालतात. यांचा बॉयलर हा खेळ नव्हे. साधा शिशा-कथलाचा डाख सुमारे १८३ अंशांवर वितळू लागतो, चांदीमिश्रित डाखाला ६०० अंशांहून अधिक उष्णता लागते. साध्या डाखाचा बॉयलर पाणी संपूनही पेटता राहिला असेल तर त्याचे सांधे सुटलेले असतात. ब्रिटनमधील हौशी मंडळे नवा बॉयलर कामाच्या दाबाच्या दुप्पट आणि वापरातला बॉयलर दीडपट दाबाने पाणी भरून तपासतात. ही तपासणी पाण्यानेच करावी, हवेने कधीही नाही. पाण्याने भरलेला बॉयलर फुटला तर गळतो, दाबलेल्या हवेने फुटला तर उडतो. सेफ्टी व्हॉल्व्ह चालत नसेल तर इंजिन शोभेची वस्तू म्हणून विकावे आणि तसे पावतीवर लिहावे.

सचोटीचा हिशेब

या धंद्यात गिऱ्हाईक मोजके असते आणि ते एकमेकांना ओळखते. कोणता भाग बदलला, कोठे रंग दिला, खोका मूळचा की नक्कल, हे कागदावर लिहून द्यावे. ऐब झाकून एकदा जास्त पैसे मिळतील, पण दहा गिऱ्हाइकांची दारे बंद होतील. ऐब सांगून विकलेला माल थोडा स्वस्त जातो, पण घेणारा दुरुस्तीसाठी पुन्हा आपल्याकडेच येतो, आणि या कामात खरी मिळकत दुरुस्तीचीच आहे.

आमची सूचना एवढीच की यात मोठे भांडवल एकदम गुंतवू नये. चालू दुकान सांभाळून एखादे स्वस्त, बंद पडलेले इंजिन घ्यावे, ते स्वतः खोलावे, जोडावे आणि चालते करावे. मथेरानची छोटी रेल्वे १९०७ साली सुरू करणारे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय हे व्यापारी घराण्यातलेच होते. आपल्याला डोंगर चढायचा नाही, टेबलावरचे एक इंजिन चालवायचे आहे. त्यासाठी धीर, स्वच्छ हात आणि खरा शब्द एवढे भांडवल पुरेसे आहे.