थायरॉईडच्या गाठीची सुई-तपासणी : भीती कशाची, काळजी कशाची

गळ्यावर गाठ आढळली आणि डॉक्टरांनी सुईची तपासणी सुचवली, की अनेक घरांत पहिली शंका व्यक्त होते ती एकच : गाठीला सुई लागली तर रोग पसरणार तर नाही ना? या शंकेपायी तपासणी महिनोन् महिने लांबणीवर टाकली जाते. प्रत्यक्षात, सुईच्या मार्गाने थायरॉईडच्या कर्करोगाच्या पेशी पसरल्याची उदाहरणे अत्यंत विरळ आहेत. शिवाय थायरॉईड अर्थात अवटू ग्रंथीतील बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. तपासणी टाळण्यातला धोका ती करून घेण्यातल्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

रुग्णालयांत ही तपासणी ‘एफएनएसी’ या नावाने ओळखली जाते. सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठ पाहत बारीक सुई नेमकी तिच्यात नेली जाते व काही पेशी बाहेर काढल्या जातात. ही सुई साधारणतः रक्त तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या सुईहूनही बारीक असते.

पूर्वतयारी फारशी नसते. बहुतेक ठिकाणी उपाशी राहण्याची गरज नसते. मधुमेहाच्या रुग्णांनी तर औषध किंवा इन्शुलिन घेऊन उपाशीपोटी येऊ नये. थायरॉईडची नेहमीची गोळीही सहसा चुकवावी लागत नाही. खरी काळजी घ्यावी लागते ती रक्त पातळ करणाऱ्या औषधांची. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन यांसारखी औषधे सुरू असल्यास तपासणीची वेळ ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे. मात्र ती स्वतःहून बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या किंवा झडप बदललेल्या रुग्णाने अशी गोळी परस्पर थांबवणे प्राणघातक ठरू शकते. सुई बारीक असल्याने अनेकदा औषध न थांबवताही तपासणी करता येते. हा निर्णय डॉक्टरांचा.

तपासणीपूर्वी गळा मोकळा असावा लागतो. मंगळसूत्र, साखळी, ताईत घरीच काढून ठेवलेले बरे. ऐनवेळी काढून कुणाच्या तरी हाती दिलेला दागिना हरवण्याची शक्यताच अधिक. सोनोग्राफीचे जुने अहवाल सोबत असावेत.

रुग्णाला उताणे झोपवून खांद्यांखाली उशी दिली जाते, म्हणजे मान मागे झुकून गळा ताणला जातो. मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी तो आधीच सांगावा. कातडी बधिर करणारे इंजेक्शन काही ठिकाणी दिले जाते, काही ठिकाणी नाही. सुई सहसा दोन ते पाच वेळा घातली जाते. दरवेळी ती काही सेकंदच आत असते, परंतु तेवढा वेळ आवंढा गिळणे, बोलणे किंवा खोकणे टाळावे लागते. खोकला आवरत नसेल, तर सुई आत जाण्यापूर्वीच हाताने खूण करावी. एकूण प्रक्रिया सुमारे अर्ध्या तासात आटोपते.

त्यानंतर काही मिनिटे त्या जागी दाब दिला जातो. एकदम उठल्यास काहींना भोवळ येते, म्हणून थोडा वेळ बसून राहावे. त्याच दिवशी घरी जाता येते. एक-दोन दिवस किंचित दुखणे किंवा काळेनिळे होणे स्वाभाविक आहे. कापडात गुंडाळलेला बर्फ आणि गरज पडल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल पुरेसे ठरते. दिवसभर पाण्याची भरलेली कळशी, सिलिंडर असे जड ओझे उचलू नये. गळ्यावरील सूज झपाट्याने वाढणे, श्वास घेण्यास किंवा गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे विरळ असली तरी अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठावे. पुढील दिवसांत ताप आल्यास किंवा सुईची जागा लाल होऊन दुखू लागल्यासही डॉक्टरांना दाखवावे.

अहवाल बहुधा काही दिवसांत मिळतो आणि गैरसमज येथेच अधिक होतात. अमेरिकेतील बेथेस्डा येथे 2007 मध्ये झालेल्या परिषदेतून आकाराला आलेल्या पद्धतीनुसार निष्कर्ष सहा गटांत मांडले जातात. पहिला गट ‘अपुऱ्या नमुन्याचा’. त्याचा अर्थ कर्करोग असा नाही आणि गाठ निर्धोक आहे असाही नाही. अशा वेळी सहसा तपासणी पुन्हा करावी लागते. दुसरा गट निर्धोक गाठीचा, तर सहावा कर्करोगाचा. मधले तीन गट संशयाचे असून त्यांत पुन्हा सुई, जनुकीय चाचणी किंवा शस्त्रक्रिया यांपैकी एक मार्ग निवडला जातो. 2023 च्या सुधारित आवृत्तीनुसार दुसऱ्या गटातही कर्करोगाची शक्यता सरासरी 4 टक्के धरली जाते. त्यामुळे ‘निर्धोक’ हा शब्द वाचून फाईल कपाटात न ठेवता, पुढील सोनोग्राफी केव्हा करायची हे त्याच भेटीत डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.