एक प्रिंटर, दहा संगणक

हिंगोली जिल्ह्यातील एखाद्या शाळेची कल्पना करा. वर्गात दहा संगणक आहेत. प्रिंटर मात्र एकच आणि तो कार्यालयात. प्रकल्पाची पाने छापायची झाली, की मुले पेनड्राइव्ह घेऊन धावत जातात. त्याच पेनड्राइव्हमधून एका संगणकातला व्हायरसही दुसऱ्या संगणकात जाऊन बसतो. हा खटाटोप टाळायचा, तर संगणक एकमेकांना जोडावे लागतात. अशा जोडणीला नेटवर्क म्हणतात.

ही अडचण आपल्याच गावची नाही बरे! अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात झेरॉक्स कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तेथे लेझर प्रिंटर तयार झाला होता. तो मोठा आणि महाग होता. प्रत्येक टेबलाशी एकेक ठेवणे शक्यच नव्हते. सर्व संगणकांना तो वापरता यावा, यासाठीच १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी तारेने संगणक जोडण्याची एक पद्धत सुचवली. तिचे नाव इथरनेट. आजही शाळांतून हीच पद्धत वापरतात.

प्रत्येक संगणकातून एक तार निघते आणि स्विच नावाच्या लहान पेटीत जाते. ही तार १०० मीटरपेक्षा लांब नसावी. प्रत्येक संगणकाला १९२.१६८.१.५ असा आकड्यांचा पत्ता असतो. दोघांना एकच पत्ता दिला, तर घोटाळा झालाच समजा.

आता कार्यालयातला प्रिंटर सर्वांसाठी खुला करता येतो. ज्या संगणकाला तो जोडलेला आहे, तो मात्र चालू हवा. आलेली पाने रांगेत थांबतात. पान लवकर येईना, म्हणून काही मुले पाच वेळा बटण दाबतात. मग पाच प्रती निघतात आणि कागद संपतो!

फाइली ठेवण्यासाठी एका संगणकावर सर्वांचे मिळून एक फोल्डर करतात. फोल्डर म्हणजे दप्तरच. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर म्हणजे पुस्तकांची पिशवी. येथे दोन्ही अर्थ चालतील. पण हे दप्तर कोणी फक्त वाचायचे आणि कोणी बदलायचे, हे आधी ठरवावे लागते. समजा, गुणांची यादी सर्वांना बदलता येते. कोणाच्या तरी चुकीने एका मुलीचे ५३ गुण ३५ झाले, तर ते कोणी केले हे कसे कळणार? म्हणून अशी यादी शिक्षकांच्याच कुलपात असावी. तिची एक प्रत दुसरीकडेही ठेवावी. कारण तो एक संगणक बिघडला, की सगळ्यांचेच काम जाते.

उर्दू शाळेत आणखी एक गंमत होते. इनपेजमध्ये लिहिलेली जुनी उर्दू फाइल दुसऱ्या संगणकावर पोहोचते, पण तेथे इनपेज नसेल तर उघडत नाही. जुन्या फाँटमधल्या मराठीची तर विचित्र चिन्हे दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये लिहिला, तर दोन्ही भाषा कोठेही वाचता येतात.

भारतात सामान्य लोकांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. राउटर असेल, तर एकच जोडणी सर्व संगणकांना पुरवता येते. दहा जणांनी एकदम व्हिडिओ लावले, की ती रखडते. पण इंटरनेट नसले तरी अगदीच अडत नाही. किविक्स नावाच्या मोफत प्रणालीने मराठी आणि उर्दू विकिपीडिया शाळेच्याच एका संगणकावर उतरवून ठेवता येतो. मग बाहेरची तार तुटलेली असली, तरी वर्गातल्या दहाही संगणकांवर तो वाचता येतो. वीज गेली, तर मात्र छापील पुस्तक उघडावे लागते.