गहू तपासला, पाणी तपासलं, मनाचं काय?

शेगाव तालुक्यातल्या टक्कल प्रकरणात तपासायचं काही बाकी ठेवलं नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बोंडगाव, काळवड, हिंगण्यासह १८ गावांतल्या २७९ जणांचे केस मुठीमुठीने हातात आले, तेव्हा पाण्यापासून रक्तापर्यंत सगळ्याचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं. विंचूदंशावरच्या कामामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी तर स्वतः छडा लावायला घेतला आणि रेशनच्या गव्हावर बोट ठेवलं. त्यांच्या निष्कर्षानुसार रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढलं होतं. सत्तरी ओलांडलेला डॉक्टर असा चिवटपणे पाठपुरावा करतो, याचं कौतुक वाटतं. पण सलूनवाले वस्तरा लावायला तयार नाहीत, ठरलेली लग्नं अडली, अशा बातम्याही तेव्हाच येत होत्या, आणि त्या नमुन्याच्या बाटलीत मावणाऱ्या नव्हत्या.

शेगावचं ते टक्कल म्हणजे चाई नव्हे. चाईत शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, कडेला टोकाशी जाड आणि मुळाशी बारीक असे आखूड केस उरतात. आजार संसर्गजन्य नाही. मुळं जिवंत असतात, त्यामुळे केस परत येऊ शकतात आणि पुन्हा जाऊही शकतात. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधीतरी तो गाठतो. शेगावात निदान अख्खं गाव एका बाजूला होतं आणि दोषी बाहेरचा होता. चाईवाली मुलगी मात्र एकटी असते आणि आरोपीही तीच. ‘टेन्शन घेतेस’, ‘डोक्याला तेल लावत नाहीस’, ‘केसात कीड लागली’. नागपूरजवळच्या कोराडीत कुणाला चाई झाली, तर तिथल्या वीज केंद्राच्या राखेवरही संशय जाईल; राखेचे इतर त्रास खरे असले तरी चाईचं ते ज्ञात कारण नाही. माझ्या मते या आजाराचं खरं ओझं लोकांच्या या कारणमीमांसेत आहे.

पुरुषांना टक्कल पडतंच की, असं कुणी म्हणेल. पण ते वयानुसार, हळूहळू आणि अपेक्षित. बाईच्या बोडक्या डोक्याला आपल्याकडे वेगळा इतिहास आहे. विधवांच्या केशवपनाला नकार म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी १८९० मध्ये वस्तरे खाली ठेवले होते. प्रथा गेली, टक्कल पडलेल्या बाईकडे बघण्याच्या नजरेतून मात्र ती पुरती गेलेली नाही. दुसरा आक्षेप औषधांचा. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये चाईसाठी मान्यता मिळाली, मग मनाचं काय घेऊन बसायचं? पण अशा गोळ्या बंद केल्या की अनेकांचे केस पुन्हा गळतात, म्हणजे धास्ती कायमच. नैराश्य आणि चिंता या रुग्णांत जास्त आढळतात, हे तर अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तेव्हा कोराडीहून कुणी नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात चट्टा दाखवायला गेलं, तर केसपेपरवर चट्ट्यात द्यायच्या इंजेक्शनच्या आधी दोन प्रश्न यायला हवेत: झोप लागते का, आणि कॉलेज सुरू आहे का?