नांदेडच्या उन्हात १,९०० अश्वशक्ती

महिंद्रा समूहाच्या ऑटोमोबिली पिनिनफारिना कंपनीची ‘बॅटिस्टा’ ही विजेवरची स्पोर्ट्स कार २०१९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात जगापुढे आली. गाड्या १५०च काढायच्या, असं कंपनीने जाहीर केलं. चार चाकांना चार मोटारी, १,९०० अश्वशक्ती, दोन सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटर! कौतुक झालं ते याच आकड्यांचं. नांदेड-लातूरकरांच्या कामाची गोष्ट मात्र बॅटरी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत आहे.

हिशेब सोपा आहे. १,९०० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १,४०० किलोवॅट. बॅटरी १२० किलोवॅट-तासांची, म्हणजे पूर्ण जोर लावला तर पाच मिनिटांत रिकामी. त्यातली पाच टक्केच ऊर्जा बॅटरीत उष्णता झाली असं धरलं, तरी ती ७० किलोवॅट भरते. दोन किलोवॅटचे ३५ गिझर एकदम लावावेत तशी. प्रवाह दुप्पट झाला की रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते, आणि लिथियम-आयन सेलना साधारण २० ते ३५ अंशच मानवतात. त्यापुढे आतल्या नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि क्षमता कायमची घटते. म्हणून सेलांलगत द्रव फिरवतात. नांदेडला मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो तेव्हा बाहेरची हवाच सेलना सोसवणार नाही इतकी तापलेली असते. अशा वेळी नुसता रेडिएटर पुरत नाही, तो द्रव एसीच्या यंत्रणेने गार करावा लागतो.

‘कोट्यधीशांच्या खेळण्याचं आम्हाला काय?’ हा आक्षेप रास्त आहे. महागड्या गाडीतलं तंत्र पुढे झिरपत सामान्यांपर्यंत येतं, हे उत्तर इथे चालणारही नाही, कारण द्रवशीतित बॅटरीची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्येच आपल्या बाजारात आली होती. बॅटिस्टा ग्राहकांच्या हाती पडली त्यानंतर. तेव्हा शोधाचं श्रेय तिला नको. पण जी अडचण साध्या गाडीत दबून राहते, ती तिथे उघडी पडते. ‘आमची स्कूटर कुठे एवढी पळते?’ असंही कोणी म्हणेल. पळत नाही हे खरं, पण बहुतेक स्कूटरना द्रवशीतन नसतंच, आणि ऊन दोघींना सारखंच.

विजेवरची गाडी घेताना कमाल वेगाआधी बॅटरी थंड कशी राहते ते विचारा. भर दुपारी लांबून आल्याबरोबर फास्ट चार्जरला लावू नका. आधी सावलीत निवू द्या.