मुंग्या, मज्जातंतू आणि विजेची तपासणी

रात्री हात बधीर होऊन जाग येते, अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येतात, हात झटकला की बरे वाटते. "हात अंगाखाली आला असेल" असे म्हणत आपण महिनोन्‌महिने काढतो. पण मनगटात मज्जातंतू दाबला जात असेल, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोम असेल, तर चालढकल महागात पडते. अंगठ्याच्या बुडाचा स्नायू एकदा वाळला की तो पुष्कळदा पूर्ववत होत नाही.

अशा वेळी डॉक्टर 'नर्व्ह कंडक्शन' आणि 'ईएमजी' या चाचण्या सुचवतात. नावे ऐकून धास्ती वाटते, पण प्रकार केबल तपासण्यासारखाच आहे. पहिल्या चाचणीत त्वचेवरून विजेचे हलके झटके देऊन संदेशाचा वेग आणि जोर मोजतात. निरोगी हातात हा वेग सेकंदाला सुमारे 50 मीटर किंवा अधिक असतो. वेग मंदावला तर तारेवरचे आवरण बिघडले, संदेशच क्षीण झाला तर आतली तार तुटू लागली, असा ढोबळ अर्थ. दुसऱ्या चाचणीत स्नायूत बारीक सुई घालतात. ती थोडी टोचते, पण तिच्यातून वीज सोडत नाहीत. ती स्नायूतील विद्युतसंदेश फक्त टिपते. दुखण्याचे मूळ मानेत की मनगटात, हे ठरवायला दोन्हींची मदत होते.

जाताना हाताला क्रीम किंवा तेल लावू नये. हिवाळ्यात हातमोजे घालून जावे, कारण गार हातात वेग उगाचच कमी दिसतो. पेसमेकर असल्यास किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असल्यास आधी सांगावे; औषध स्वतःहून बंद करू नये.

आता खर्चाचे. अमेरिकेत अपॉइंटमेंट घेतानाच चाचणीचे सीपीटी कोड मागून घ्या आणि विमा कंपनीला तीन प्रश्न विचारा: डॉक्टर आणि तपासणीची जागा दोन्ही नेटवर्कमध्ये आहेत का? पूर्वपरवानगी लागते का? डिडक्टिबल किती उरले आहे? हॉस्पिटलमध्ये तपासणी केल्यास जागेचे वेगळे बिल येऊ शकते. एचएसए खाते असेल तर त्यातून पैसे भरता येतात.

एक लक्षात ठेवा. सुरुवातीच्या काळात दुखणे असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मधुमेहात तळपायांची आग होते, तेव्हा बिघडलेले अतिसूक्ष्म तंतूही या चाचणीत दिसत नाहीत. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असला तरी त्रास चालू राहिल्यास डॉक्टरांना पुन्हा भेटा, आणि रिपोर्टची प्रत घरी जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तीच उपयोगी पडेल.