वागण्यामागचे कारण

बौद्धिक अक्षमता असलेली व्यक्ती स्वतःचा हात चावते, डोके भिंतीवर आपटते, कपडे फाडते, जवळ येईल त्याला मारते किंवा दार उघडे दिसताच रस्त्यावर पळत सुटते. विशेष शिक्षणात याला समस्यात्मक वर्तन म्हणतात. सगळेच असे वागत नाहीत, पण जे वागतात त्यांचा सांभाळ बहुतांशी घरीच होतो, आणि घरी म्हणजे आईच्या हाती. बदलापूर पूर्वेच्या खरवईसारख्या वस्तीत कमावती माणसे सकाळच्या लोकलने ठाण्या-मुंबईला जातात व रात्री परततात. मधले दहा-बारा तास ती एकटी असते.

सिकंदराबादच्या बौद्धिक अक्षमताविषयक राष्ट्रीय संस्थेतील रीटा पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी १९९२ मध्ये भारतीय मुलांसाठी वर्तनाची मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या दुसऱ्या भागात ७५ समस्यात्मक वर्तने १० गटांत मांडलेली आहेत. अशा नोंदीत ‘खूप त्रास देतो’ हे चालत नाही. काय केले, किती वेळा केले, आधी काय घडले आणि नंतर त्याला काय मिळाले, हे लिहावे लागते. मिळते ते सहसा चारांपैकी एक: कुणाचे लक्ष, हवी ती वस्तू, नको त्या कामातून सुटका किंवा त्या कृतीचेच शारीरिक सुख. मात्र त्याआधी दुखणे तपासायचे असते. दाढ, कान, बद्धकोष्ठता, पाळीतल्या वेदना ज्याला सांगता येत नाहीत, तो त्या वागण्यातूनच सांगतो.

संध्याकाळी वीज गेली, पंखा थांबला, अंगाला घाम सुटला आणि पंचवीस वर्षांचा मुलगा स्वतःच्या थोबाडीत मारू लागला, असे समजा. आई घाबरून मोबाइल हाती देते. तो शांत होतो. पुढच्या वेळी मोबाइल हवा असला की तो थोबाडीत मारून घेतो. उपाय असा की, तोच निरोप देण्याचा सोपा मार्ग आधीच, शांत वेळी शिकवायचा: एखादी खूण, पंख्याचे चित्र असलेले कार्ड, ‘नको’साठी हाताचा इशारा. कार आणि ड्युरांड या अमेरिकी संशोधकांनी १९८५ मध्ये हा मार्ग प्रयोगांतून दाखवला. घरात तो फसतो तो विसंगतीमुळे. आई ठाम राहते आणि आजी चौथ्या किंकाळीला बिस्किट देते. मग चार किंकाळ्या माराव्या लागतात, एवढेच मूल शिकते. लक्ष देणे थांबवले की वर्तन आधी वाढते, आणि बरीच घरे तिथेच हार मानतात. स्वतःला इजा करणाऱ्याकडे तर दुर्लक्ष करताच येत नाही. तिथे वर्तनतज्ज्ञाचा सल्ला लागतोच.

मराठी प्रेक्षकाला ‘चौकट राजा’ चित्रपटातला (१९९१) निरागस नंदू ठाऊक आहे. चावणारा, फोडणारा मुलगा पडद्यावर फारसा आला नाही; म्हणून शेजारी अजूनही दोष वळणाला देतात. घरातली माणसे लग्नकार्याला जाणे सोडतात. पाच वर्षांच्या मुलाला उचलून बाजूला नेता येते, विशीतल्या मुलाला साठीची आई कशी नेणार? नाशिकला रजनी लिमये या आईने १९७७ मध्ये प्रबोधिनी शाळा उभी केली, पण प्रत्येक आईकडून संस्था उभारण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. तिला हवे असते ते आठवड्यातून काही तास मुलाजवळ बसणारे भरवशाचे माणूस, आणि नेमकी तीच सोय सर्वांत दुर्मीळ आहे.

कायद्यात काही आधार आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, पण ‘सरकारच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ या अटीसह. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, हे पुष्कळांना बँकेच्या खिडकीवरच कळते. त्यानंतर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या स्थानिक स्तर समितीला असतो. खरवईच्या कुटुंबासाठी हे जिल्ह्याचे ठिकाण ठाणे. आईवडिलांनंतर ही जबाबदारी भावाबहिणीकडे जायची असेल, तर कागदपत्रांबरोबर वर्तनाच्या नोंदींची वहीही त्यांच्याकडे जायला हवी: कोणता आवाज सोसत नाही, कोणती गोळी कधी द्यायची, चिडण्याआधी कोणती लक्षणे दिसतात.